रेल्वेच्या मोरीची कुळकथा कशी काढावी

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये डोळे मिटून बसले, तरी वाटेतले काही पूल ओळखता येतात. खडीवरून चालणाऱ्या गाडीचा आवाज दबका असतो. ती लोखंडी गर्डरवर, म्हणजे तुळईवर, चढली की तोच आवाज क्षणभर पोकळ आणि खणखणीत होतो व पलीकडच्या भरावावर पुन्हा दबतो. दगडी कमानीच्या मोरीवरून जाताना मात्र यातले काहीच घडत नाही, कारण कमानीच्या पाठीवर माती आणि खडी यांचा जाड थर असतो व रूळ त्या थरातच बसवलेले असतात. त्यामुळे वीस-वीस वर्षे या मार्गाने ये-जा करणाऱ्यांनाही आपण रोज किती मोऱ्या ओलांडतो याचा पत्ता नसतो.

ठाण्याच्या खाडीवरील पुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते येथे बाजूला ठेवले आहेत. पुढील विवेचन शहापूर, वासिंद, टिटवाळा, बदलापूर, वांगणी या पट्ट्यातील एखाद्या ओढ्यावरच्या लहान पुलासाठी आहे. तो केव्हा बांधला, तसाच का बांधला आणि मध्यंतरी त्याचे काय काय बदलले, हे बाहेरून पाहून आणि कागदपत्रे चाळून बरेचसे शोधता येते. माझा आग्रह एकच आहे, की पुलाचा अभ्यास रुळांकडून न करता पाण्याकडून करावा. कारण पुलाचा आकार मुख्यतः ओढ्याने ठरवलेला असतो.

पुलाची निवड

आरंभी असा पूल निवडावा, ज्याच्या खालून किंवा अगदी जवळून सार्वजनिक रस्ता, गाडीवाट अथवा पायवाट जाते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी लहान पुलावर बाजूला व्हायला जागा नसते आणि वळणावरून येणारी गाडी दिसण्याआधी ऐकू येईलच असे नाही. रुळांवर जाण्याची गरजही नाही. जे पाहायचे असते ते जवळजवळ सगळे खालूनच दिसते. छायाचित्रे काढायची असतील तर रेल्वे प्रशासनाची परवानगी आधी घेतलेली बरी.

हंगाम मार्च ते मे हा उत्तम. होळीनंतर गवत वाळलेले असते, ओढा आटलेला असतो आणि एरवी पाण्याखाली असणारा पायाचा भाग उघडा पडतो. पावसाळ्यात एक फेरी अवश्य मारावी, पण ती दूरच्या रस्त्यावरून.

लहान पूल कशाला म्हणायचे, यासाठी रेल्वेची व्याख्या स्पष्ट आहे. ज्या पुलाच्या सर्व गाळ्यांची (गाळा म्हणजे दोन आधारांमधली मोकळी जागा) मिळून पाण्यासाठीची मोकळी रुंदी १८ मीटर किंवा त्याहून अधिक असते, अथवा ज्याचा एखादा गाळा १२ मीटर किंवा त्याहून मोठा असतो, तो मोठा पूल. त्याखालचे सगळे लहान. आपल्या बोलीत यांतल्या बहुतेकांना मोरी म्हणतात आणि गावात चौकशी करताना हाच शब्द वापरावा. ‘पूल कुठे आहे’ असे विचारले की लोक नदीवरच्या पुलाकडे बोट दाखवतात.

क्रमांक आणि बाण

प्रत्येक पुलाच्या कठड्यावर किंवा टोकाच्या दगडावर त्याचा क्रमांक रंगवलेला असतो. समजा तेथे ८२/१ असे लिहिले आहे, तर याचा अर्थ ८२ व्या किलोमीटरमधील पहिला पूल. मध्य रेल्वेवर हे अंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजतात. त्या हिशेबाने ठाणे सुमारे ३४ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर येते, तेव्हा ८२ वा किलोमीटर वासिंद आणि आसनगाव यांच्या दरम्यान पडेल. वरच्या विजेच्या तारांच्या खांबांवरही अशाच पद्धतीचे आकडे असतात आणि नवखा माणूस तेथे हमखास घोटाळा करतो. खांबाचा क्रमांक पुलाचा म्हणून टिपला, तर पुढे कागदपत्रांत तो कधीच सापडत नाही.

क्रमांकाजवळ एक बाण असतो. तो पाण्याच्या प्रवाहाची दिशा दाखवतो. कोरड्या ओढ्यात उभे राहून वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे ठरवताना भलेभले चुकतात, म्हणून हा बाण प्रथम वहीत उतरवून घ्यावा. पुढच्या सगळ्या नोंदी ‘वरच्या बाजूस’ आणि ‘खालच्या बाजूस’ अशाच करायच्या आहेत.

ओढ्याचा हिशेब

आता पुलाकडे पाठ करून ओढ्याकडे पाहावे. हे पाणी कोठून येते, किती डोंगर त्यात उतरतो, हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषांच्या आधारे काढता येते. पाणलोटाचे क्षेत्र पेन्सिलीने आखून त्यातील चौकोन मोजले तरी कामापुरते उत्तर मिळते.

त्यानंतरचे गणित शाळकरी आहे, पण त्याने पुलाचा आकार एकदम उलगडतो. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ताशी १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाला एक लाख घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ घनमीटर पाणी पडते. जुलैअखेर जमीन तुडुंब भिजलेली असताना त्यातले सत्तर टक्के वाहून आले असे धरले, तर मोरीपाशी सेकंदाला सुमारे १९ घनमीटर पाणी पोहोचेल. आता ६.१ मीटर रुंदीच्या गाळ्यातून दीड मीटर खोल पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहते आहे असे समजू, गुणाकार १८.३ येतो. म्हणजे एवढ्या लहान पाणलोटालाही वीस फुटांचा गाळा जेमतेम पुरतो. मे महिन्यात ज्या ओढ्यात शेळ्या बसलेल्या असतात, त्यावर एवढी मोठी कमान कशाला, या प्रश्नाचे उत्तर या तीन ओळींत आहे.

खांबावर किंवा बाजूच्या भिंतीवर रंगवलेले पट्टे शोधावेत. एक खूण आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या पातळीची असते आणि तिच्याजवळ बहुधा वर्ष लिहिलेले असते. लाल पट्टा धोक्याची पातळी दाखवतो. या दोन्ही खुणांची गल्लत करू नये. पुराची खूण कोणत्या पाण्याने उमटली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. उल्हास किंवा भातसा नदी चढली की तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगत जाते आणि मोरीत दोन्ही बाजूंनी पाणी भरते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा उल्हास नदीचे पाणी रुळांवर पसरले होते. अशा ठिकाणी केवळ ओढ्याचे गणित करून मोरी लहान पडली म्हणणे हा तिच्यावर अन्याय ठरतो.

गावातील जुन्या माणसांना पुराविषयी विचारावे. वर्ष विचारू नये, पाणी कोठवर आले ते दाखवायला सांगावे. आसनगावच्या बाजूला एका आजींनी मला मोरीसमोर नेऊन काठी उंच केली आणि म्हणाल्या, “बाबा, पाणी हिच्या कपाळाला लागलं व्हतं.” काठीचे टोक कमानीच्या माथ्यावरील दगडाच्या खाली वीतभर अंतरावर होते. वर्ष त्यांना आठवेना, पण त्या पावसात थोरल्या मुलाचे बारसे पुढे ढकलावे लागले हे आठवले, आणि मुलाच्या वयावरून वर्ष निघाले.

कमान

आता पुलाकडे वळावे. दगडी कमानीत प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो आणि तो शेजारच्या दगडावर दाबून बसलेला असतो. दगड आणि चुना दाब उत्तम सोसतात, ताण मात्र सोसत नाहीत. कमानीत ताण जवळजवळ निर्माणच होत नाही, हेच तिच्या टिकाऊपणाचे कारण. मात्र कमान दोन्ही बाजूंना बाहेर ढकलत असते. तो रेटा घेण्यासाठी टोकांना जाडजूड आधारभिंती लागतात, आणि भरावाची माती ओढ्यात घसरू नये म्हणून त्यांच्यापासून तिरप्या पंखभिंती काढलेल्या असतात. मोरी समोरून पाहिली तर निम्म्याहून अधिक दगड या भिंतींतच गेलेला दिसतो.

उंची मोजण्यासाठी चढण्याची गरज नाही. घडीव दगडांचे थर सहसा ठराविक उंचीचे असतात. हाताशी येणारा एक थर मोजावा आणि वरचे थर मोजून गुणाकार करावा. कमानीची उंची गाळ्याच्या निम्मी असेल तर ती पूर्ण अर्धवर्तुळ आहे. त्याहून बरीच कमी असेल तर चपटी कमान आहे आणि तिचा बाजूचा रेटा अधिक आहे. भराव ठेंगणा असेल तेथे अर्धवर्तुळाला जागाच नसते, म्हणून अशा ठिकाणी चपटी कमान किंवा गर्डर यांतून निवड करावी लागते.

दगडांच्या दरजा अगदी जवळून पाहाव्यात. सह्याद्रीचा काळा पाषाण सहजासहजी झिजत नाही. झिजतो तो दगडांमधला चुना. मूळ चुना पांढुरका, किंचित पिवळसर असतो, सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळलेली असेल तर त्यात विटकरी ठिपके दिसतात, आणि नखाने खरवडले तर थोडी पूड निघते. नंतर सिमेंटने भरलेल्या दरजा करड्या, कडक आणि अनेकदा दगडाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या असतात. आधारभिंतींत ओळीने ठेवलेली लहान भोके भरावातील पाणी बाहेर काढण्यासाठी आहेत. ती बुजली की पाणी भिंतीमागे साचते आणि भिंत पुढे झुकू लागते. कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ दिसले, तर वरून झिरपणारे पाणी चुना विरघळवून खाली आणत आहे असे समजावे.

दर्शनी दगड देखणा आहे म्हणून आतले कामही तसेच असेल असे मात्र धरू नये. बोरघाटातील एका उंच दगडी पुलाच्या कमानी १८६७ च्या जुलैत कोसळल्या, तेव्हा बाहेर घडीव दगड आणि आत निकृष्ट भर असे काम उघडकीस आले, आणि त्यानंतर हे मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला आपली इतर अनेक बांधकामे तपासून दुरुस्त करावी लागली. घाईने मार्ग पुढे नेणे, ठेकेदारीची साखळी आणि पावसाळ्यात वाया जाणारे चार महिने यांचा तो परिणाम होता. म्हणून आज दिसणारी कमान मूळचीच आहे, असे तिच्या रूपावरून ठरवू नये.

गर्डर

लोखंडी पुलाची रचना उघडी असते, त्यामुळे ती समजायला सोपी. दोन उभ्या पोलादी तुळया, त्यांवर आडवे स्लीपर आणि त्यांवर रूळ, एवढाच प्रकार. स्लीपर वाकड्या टोकाच्या बोल्टांनी तुळईला पकडलेले असतात. मुख्य रुळांच्या आतल्या बाजूला आणखी दोन रूळ दिसतात, ज्यांची टोके पुलाबाहेर एकमेकांकडे वळवलेली असतात. गाडीचे चाक घसरलेच तर त्याला पुलाच्या मध्यभागी धरून ठेवणे हे त्यांचे काम.

तुळईचे टोक जेथे टेकते तेथील बेअरिंग नजरेतून सुटू देऊ नये. एक टोक पक्के बांधलेले असते आणि दुसरे सरकायला मोकळे ठेवलेले असते. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत पोलादाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १२.२ मीटरची तुळई जवळजवळ सहा मिलिमीटर लांबते. एवढ्याशा लांबीला वाव ठेवला नाही तर ती आधारभिंतीचा माथा ढकलते आणि तेथील दगडाला चिरा पडतात. मोकळे टोक ओळखायचे तर बोल्टाची भोके पाहावीत. त्या टोकाला ती गोल नसून लांबट असतात.

वय ठरवण्यासाठी जोडणी पाहावी. रिव्हेटची गोल टोपणे रांगेने दिसत असतील तर गर्डर जुन्या पद्धतीचा. अंग गुळगुळीत असून कोपऱ्यांत वितळजोड दिसत असेल तर तो स्वातंत्र्योत्तर काळातला मानायला हरकत नाही. लहान गाळ्यांच्या तुळयांवर कधीकधी कारखान्याचे नाव उठवलेले सापडते. ‘टाटा’ अशी अक्षरे असतील तर ती तुळई १९१२ च्या आधीची असणे शक्य नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघू लागले.

येथे माझी एक चूक सांगतो. एका मोरीचा गाळा बाहेरून ६.१ मीटर भरला, म्हणजे बरोबर वीस फूट, आणि फुटांतले माप म्हणजे रेल्वे कंपनीच्या काळातले बांधकाम असे मी ठामपणे लिहून टाकले. पुढे उन्हाळ्यात खाली वाकून पाहिले तर वर सपाट काँक्रीटचा स्लॅब होता. ३.०५, ६.१, ९.१५, १२.२, १८.३ मीटर हे आकडे म्हणजे १०, २०, ३०, ४० आणि ६० फूटच आहेत. रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन अभिकल्प व मानक संघटनेच्या प्रमाणित आराखड्यांतही हे गाळे कायम राहिले, कारण जुन्याच आधारभिंतींवर नवी तुळई किंवा नवा स्लॅब बसवायचा असतो. माप भिंतींचे वय सांगते; वरच्या भागाचे नाही.

वरचा भाग बदलण्याचे कारण बहुतेक वेळा वजन असते. पूल ज्या भारासाठी आखायचे ते प्रमाण १९२६, १९७५, १९८७ आणि २००८ मध्ये नव्याने ठरवले गेले आणि दर खेपेला ते वाढले. १८६० च्या दशकातील इंजिनासाठी घातलेली तुळई आजच्या मालगाडीखाली टिकणे शक्य नव्हते. दगडी कमानी मात्र पुष्कळ ठिकाणी टिकल्या, कारण त्यांचे स्वतःचे आणि भरावाचे वजनच एवढे मोठे, की वरून जाणाऱ्या गाडीची भर त्या मानाने कमी पडते.

सांधे

माझ्या दृष्टीने सगळ्यात रसाळ भाग हा आहे. मोरीच्या आतल्या बाजूने सार्वजनिक वाट जात असेल तर तिच्या पोटाकडे पाहत चालावे आणि उभ्या फटी शोधाव्यात. एका मार्गाचा दोन मार्गांत विस्तार करताना मूळ कमानीला लागूनच नवी कमान जोडत, आणि दोन्हींच्या मधली रेघ कायम राहते. रेघेच्या एका बाजूला मोठे, हाताने टाकी मारलेले दगड असतात. दुसऱ्या बाजूला लहान व अधिक काटेकोर दगड किंवा विटा असतात. आणि त्यापलीकडे कधी फळ्यांचे ठसे उमटलेले काँक्रीट लागते. दहा-पंधरा पावलांत तीन कालखंड ओलांडले जातात. अलीकडे काही ठिकाणी जुन्या मोरीऐवजी काँक्रीटच्या तयार पेट्या रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये बसवतात किंवा जॅकने भरावात ढकलतात. अशा वेळी जुन्या पंखभिंतींचे तुकडे दोन्ही बाजूंना राहतात आणि तेवढीच मूळ खूण उरते.

कागद

प्रत्यक्ष पाहणी झाल्यावरच कागदांकडे जावे, कारण काय शोधायचे ते तोवर कळलेले नसते. सुरुवात मार्ग केव्हा उघडला यापासून करावी, म्हणजे पुलाचे सर्वाधिक वय ठरते. मुंबई–ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, ठाणे–कल्याण १८५४ मध्ये, कल्याण–वासिंद १८५५ मध्ये, वासिंद–आसनगाव १८६० मध्ये, आसनगाव–कसारा १८६१ मध्ये आणि कसाऱ्याहून थळघाट चढून इगतपुरीपर्यंत १८६५ मध्ये. कल्याणहून दक्षिणेकडचा फाटा खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये पोहोचला. वासिंद आणि आसनगाव यांच्यात जेमतेम सहा-सात किलोमीटरचे अंतर, पण मध्ये पाच वर्षे गेली. त्यामुळे या दोन स्थानकांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मोऱ्यांची बांधणी ताडून पाहण्यासारखी आहे.

१८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर दळणवळणाच्या प्रकरणासाठी चाळावे. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा पालघर जिल्हा तर होताच, शिवाय पनवेल आणि कर्जतही होते, हे ध्यानात ठेवावे. गावांची स्पेलिंगे जुन्या धाटणीची असल्याने शोध घेताना चार-पाच पर्याय करून पाहावे लागतात. ठाण्यात १८९३ पासून असलेले मराठी ग्रंथसंग्रहालय स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांसाठी, आणि मुंबईतील राज्य पुराभिलेखागार सरकारी पत्रव्यवहारासाठी उपयोगी पडते. मात्र तेथे एखाद्या लहान मोरीचा नामोल्लेख क्वचितच सापडतो. ती सहसा ‘अमुक मैलांत इतक्या मोऱ्या’ अशा आकड्यात लपलेली असते.

खरी माहिती रेल्वेच्या पूल-नोंदवहीत असते. प्रत्येक पुलाची पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होते व तिची नोंद ठेवली जाते. माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात ‘पुलाचा इतिहास द्यावा’ असे मोघम लिहिले तर मोघमच उत्तर येते. माझ्या पहिल्या अर्जाला ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ एवढीच ओळ आली होती. पुलाचा क्रमांक, दोन्ही बाजूंची स्थानके, बांधकामाचे वर्ष, गाळ्याचा प्रकार, वरचा भाग बदलल्याचे वर्ष आणि नोंदलेली सर्वोच्च पूरपातळी असे मुद्दे पाडून विचारावे.

नोंद ठेवताना एका पुलासाठी एक वही किंवा एक फाईल ठेवावी आणि आपण पाहिलेले, कोणी सांगितलेले व कागदात मिळालेले यांसाठी तीन निरनिराळ्या रंगांची शाई वापरावी, नाही तर वर्षभराने आपलाच तर्क आपल्याला पुरावा वाटू लागतो. वरच्या आणि खालच्या बाजूचे एकेक छायाचित्र दर वर्षी दोनदा, एकाच जागेवरून घ्यावे. ती जागा झाडावरून न ठरवता एखाद्या बांधावरच्या दगडावरून ठरवावी, कारण भरावाच्या कडेची झाडे केव्हाही तोडली जातात. पहिले छायाचित्र मे महिन्याच्या अखेरीस आणि दुसरे नवरात्राच्या आसपास, ओढ्याचे पाणी निवळल्यावर घेतले, तर पायाजवळची वाळू किती सरकली हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मोजता येते.